वाचकांचे प्रश्न: मागच्या मेन सीलला दोरी घालू का रबर?

दसरा झाला की जुन्या गाड्यांचे प्रश्न एकदम वाढतात. कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार बघून आलं की आपल्या शेडमधली गाडी आठवतेच, आणि तसंच पाहिजे. यावेळी तिघांचे प्रश्न घेतलेत, तिन्ही इंजिनच्या मागच्या बाजूच्या ऑइल गळतीचे. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, तो मागनं जिथं बाहेर येतो तिथं ऑइल अडवणारं पॅकिंग म्हणजे मागचं मेन सील, ते विणलेल्या दोरीचं असतं नाहीतर रबरी.

प्रश्न: नमस्कार सर, वडिलांची महिंद्रा सीजे ३बी जीप आहे, हरिकेन पेट्रोल इंजिन. इंजिन खोललं तेव्हा क्रँक ग्राइंड करून घेतला, मागचं सील नवीन रबरी घातलं, आणि थोड्याच दिवसांत बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं कवच) खालच्या भोकातून परत ऑइल ठिबकायला लागलं. मिस्त्री म्हणतात आधीची दोरीच बरी होती, दुकानदार म्हणतो व्हायटॉन रबराचं घाला. कुणाचं ऐकू? (कळंबा)

उत्तर: दादा, दोरी का रबर ते जरा बाजूला ठेवा, आधी गळतंय ते सीलमधूनच हे नक्की करा. बेल हाऊसिंगच्या भोकातून येणारं ऑइल टॅपेट कव्हरवरून ब्लॉकच्या मागनं उतरलेलं असू शकतं, कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला जो पत्र्याचा प्लग असतो तिथनं आलेलं असू शकतं, आणि उग्र गंधकासारखा वास येत असेल तर ते गिअरबॉक्सचं आहे, इंजिनचं नाहीच. सगळं धुऊन कोरडं करा, टाल्कम पावडर मारा, इंजिन गरम होऊ द्या आणि टॉर्च घेऊन खाली जाऊन बघा ओल नेमकी कुठनं सुरू होते. तेवढ्यात ब्रीदरची नळी, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी, ती पण उघडून साफ करा, ती तुंबली की आतला दाब सगळ्यात नरम जागेतून ऑइल बाहेर ढकलतो आणि ती जागा म्हणजे मागचं सील.

सीलच निघालं तर मग क्रँकची ती जागा, जिथं सीलची ओठ टेकते, ती नखानं चाचपून बघा. सगळा खेळ तिथं आहे. दोरी सीलसाठी बनवलेल्या बऱ्याच जुन्या क्रँकवर त्या जागी बारीक तिरक्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, दोरीत ऑइल मुरवायला आणि ते आत परत ढकलायला. त्या रेघांवर रबरी ओठ बसवली की कानशीवर घासल्यासारखी खलास होते, मग ती व्हायटॉनची असो नाहीतर साधी नायट्राइलची. आणि उलटं पण होतं, ग्राइंडिंगवाल्यानं ती जागा गुळगुळीत केली तर दोरीला पहिल्यासारखी मदत मिळत नाही. तिसरी गोष्ट, पॉलिश करताना पट्टी आडवी सरकवत नेली तर डोळ्यालाही नीट न दिसणारा आटा पडतो आणि तो फिरताना ऑइल बाहेर ओढतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उत्तम हात आहेत, पण जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) सोडून सीलच्या जागेचं काय करायचं हे आपणच तोंडानं सांगायला पाहिजे, कारण न सांगता तिथं कुणी विशेष लक्ष देत नाही.

तेव्हा माझं मत असं, जागा गुळगुळीत आणि गोल असेल, मेन बेअरिंगची मोकळी फट मॅन्युअलच्या मापात असेल तर दोन तुकड्यांचं रबरी सीलच घाला. रेघा असतील आणि क्रँक परत बाहेर काढायचा नसेल तर दोरी. व्हायटॉन उष्णता जास्त सोसतं, साधारण २०० डिग्रीपर्यंत, नायट्राइल १०० ते १२० च्या आसपास, पण बेअरिंग ढिलं असून क्रँक नाचत असेल तर दोन्ही सारखंच गळणार.

बसवताना ओठ इंजिनच्या आतल्या बाजूला, म्हणजे ऑइलकडं. ओठेला ऑइल लावा. वरचा अर्धा तुकडा ब्लॉकच्या खाचेत सरकवताना खाचेची धार रबराची पाठ सोलते, ती आधी मोडून घ्या किंवा पातळ पत्री मध्ये धरा. सीलसोबतच्या कागदात वेगळं लिहिलं नसेल तर दोन तुकड्यांचे सांधे मेन कॅपच्या (क्रँकला खालनं धरणारा बेअरिंगचा अर्धा भाग) सांध्यावर न आणता थोडे फिरवून घ्या, टोकांना सीलंटचा अगदी एक ठिपका. जास्त लावलं की ते आत पडून ऑइल पंपाच्या जाळीवर जातं.

आणि तुमच्या जीपमध्ये जे सगळ्यात जास्त राहून जातं ते म्हणजे मागच्या मेन कॅपच्या दोन्ही बाजूंच्या भोकात जाणारी रबरी पॅकिंगची काडी. ती बसवल्यावर साधारण ६ मिलिमीटर बाहेर राहते. बघून वाटतं जास्त झाली, आणि नवा पोरगा ब्लेडनं कापून सपाट करतो, झालं कल्याण! ती कापायची नाहीच, ऑइल चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) बसवला की तोच तिला आत दाबतो आणि भोक भरतं. सील नवीन घालूनही गळतंय म्हणताय तर मी पहिल्यांदा या काड्याच बघीन.

दोरीच घालणार असाल तर क्रँक खाली काढूनच घाला, वरची अर्धी दोरी क्रँक जागेवर ठेवून ओढून घेतली तर खाचेत घट्ट बसत नाही. गोल गुळगुळीत रॉडनं दाबत खाचेच्या तळापर्यंत बसवा, टोकं नव्या ब्लेडनं एका घावात कापा, सांध्यात एकही धागा अडकता कामा नये, नाहीतर कॅप पूर्ण बसत नाही आणि बेअरिंगचं माप चुकतं. नंतर इंजिन हातानं फिरवायला जड लागेल, ते चालतं, पण जाम व्हायला नको. जुनी दोरी काढताना मात्र हवा मारू नका, कोरडी खरवडू नका, पूर्वीच्या दोऱ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. ओली करून काढा, पिशवीत बांधून टाका.

प्रश्न: काका, जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडरचं मागचं क्रँक सील कुठल्याच दुकानात मिळेना, कुठं मिळेल? (जयसिंगपूर)

उत्तर: मिळणार नाही, कारण त्या इंजिनला ते सील नाहीच. हे मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) तीन मेन बेअरिंगचं बी सिरीज इंजिन, त्याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला आटे कापलेत, क्रँक फिरताना ते ऑइल आत ढकलत राहतात. इंजिन बंद असताना ढकलणारं कुणी नाही, म्हणून पन्हाळ्याच्या चढावर तोंड वर करून गाडी लावली की खाली दोन-चार थेंब पडणारच, त्याला घाबरू नका. चालत्या गाडीत गळत असेल तर ब्रीदर बघा, डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर भरलंय का बघा, आणि मग मेन बेअरिंग, कारण बेअरिंग झिजलं की आट्याभोवतीची फट वाढते.

प्रश्न: दोरी सील गळतंय, ऑइलमध्ये सील फुगवणारं औषध टाकू का? (गडहिंग्लज)

उत्तर: नको. ते रबर मऊ करून फुगवतं, दोरीवर त्याचा काही उपयोग नाही. त्या पैशात ऑइल चेंबरचं नवीन पॅकिंग घ्या.