तोजीच्या बाजारातली बरणी, पाच कप आणि चानोयुमधलं पोर्सिलेन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्योतोच्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या 21 तारखेला बाजार भरतो, तिथून तुम्ही पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली झाकणाची बरणी आणि पाच बिनकानाचे छोटे कप घेतलेत. विक्रेता म्हणाला, "टी सेरेमनीची भांडी, इमारी, दोनशे वर्षं जुनी." बरणीच्या बुडाशी सहा चिनी अक्षरं आहेत. हे सगळं खरं मानायचं का, आणि कपात माचा (हिरव्या चहाची पूड पाण्यात घोटून केलेला चहा) करून पाहिला तर चालेल का?

आधी कपांचं सांगतो, ते सोपं आहे. त्यात माचा करू नका. फोटोत ते पातळ, अंगठ्याएवढ्या उंचीचे आणि आतून कोरे पांढरे दिसतात. हे सेन्चाचे कप, म्हणजे पानं पाण्यात मुरवून गाळलेल्या हिरव्या चहाचे. आतला पांढरा रंग चहाचा रंग दिसावा म्हणून ठेवलेला असतो. माचाला बांबूची घोटणी मोकळी फिरेल एवढा वाडगा लागतो, या कपात ती धड उतरणारसुद्धा नाही. सेन्चाचीही स्वतःची रीत आहे, पण ती चानोयुहून, म्हणजे माचाच्या समारंभाहून, वेगळी आणि बरीच नंतरची. चीनमधून 1654 मध्ये इन्गेन नावाचे भिक्षू जपानला आले, 1661 मध्ये उजीला मान्पुकुजी मठ उभा राहिला, आणि त्या मंडळींबरोबर मुरवलेल्या चहाची गोडी पसरली. पुढे बाइसाओ (1675–1763) नावाचा म्हातारा भिक्षू क्योतोच्या रस्त्यांवर हा चहा विकत फिरायचा. चानोयुच्या मानपानाला कंटाळलेले चित्रकार, कवी, विद्वान त्याच्याभोवती जमायचे. 1755 मध्ये त्याने आपली चहाची भांडी स्वतःच्या हाताने जाळून टाकली, का तर आपल्यामागे ती बाजारात मिरवायला नकोत. आज त्याच परंपरेतल्या कपांना विक्रेते सरसकट "टी सेरेमनी" म्हणतात. पाचाचा संच पूर्ण मिळाला हे मात्र चांगलं झालं. तिकडे संच पाचाचाच असतो, आणि एक फुटून चार उरलेले संच बाजारात भरपूर दिसतात.

आता मुख्य मुद्दा. चानोयुमधलं जुनं पोर्सिलेन शोधणारा प्रत्येक जण आधी माचाचा वाडगा शोधतो आणि तिथेच फसतो. चानोयुची रीत घडवणारा चहागुरू सेन नो रिक्यू 1591 मध्ये गेला. त्याच्या हयातीत जपानमध्ये पोर्सिलेन बनतच नव्हतं. कोरियावरच्या स्वाऱ्यांमध्ये (1592–1598) जपानच्या क्यूशू बेटावरच्या सरदारांनी तिथले कुंभार पकडून आणले. त्यांतल्या यी साम-प्योंगला क्यूशूतल्या आरिता गावाजवळ इझुमियामा इथे पोर्सिलेनचा दगड सापडला, अशी परंपरा आहे. वर्ष 1616 सांगतात. म्हणजे साध्या, खरबरीत, काळ्या-तांबड्या वाडग्यांची आवड जपानी चहात आधी पक्की झाली आणि देशी पोर्सिलेन नंतर जन्मलं. वाडग्याची जागा तोवर भरलेली होती. "एक राकू, दोन हागी, तीन कारात्सु" ही वाडग्यांच्या प्रकारांची चहावाल्यांची उतरंड अजूनही तोंडावर असते, आणि तिन्हींपैकी एकही पोर्सिलेन नाही.

यामागे नुसती आवड नाही, हाताचाही प्रश्न आहे. राकूचा वाडगा कमी आचेवर भाजलेला, जाड आणि सच्छिद्र असतो. आत वाफाळतं पाणी असलं तरी बाहेरून तो फक्त ऊबदार लागतो. पोर्सिलेन साधारण 1300 अंशांवर भाजतात. ते घट्ट आणि पातळ असल्यामुळे उष्णता लगेच बाहेर येते आणि दोन्ही तळव्यांत धरलं की चटका बसतो. आपल्याकडची लोणच्याची बरणी चिनी मातीची म्हणतात खरी, पण ती बहुतेक स्टोनवेअर असते. उजेडासमोर धरून बघा, काही दिसत नाही. पातळ पोर्सिलेनमागे बोट धरलं तर त्याची सावली दिसते. फरक कळायला एवढं पुरे.

मग पोर्सिलेन चानोयुमध्ये कुठे आहे? जिथे गार पदार्थ असतो, किंवा पाहुण्याने वस्तू हाताळण्यापेक्षा बघायची असते, तिथे. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची जागा मिझुसाशीची, म्हणजे ताज्या गार पाण्याच्या बरणीची. ती किटलीशेजारी बसते. यजमान तिच्यातून बांबूच्या पळीने पाणी घेतो, किटलीत भर घालतो, घोटणी धुतो. पाहुणा वाडगा ओठांना लावतो, पण मिझुसाशीला तो हात लावत नाही, समोरून फक्त पाहतो. तिथे गुळगुळीत, थंड, निळं-पांढरं भांडं शोभतं, विशेषतः उन्हाळ्यात. एकोणिसाव्या शतकात उरासेन्के या चहाघराण्याच्या गेन्गेन्साइ या गुरूने तानाबाताच्या सणाला झाकणाऐवजी बरणीवर काजीच्या झाडाचं ओलं पान ठेवायची रीत आणली. ती आजही पाळली जाते. क्योतोचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला यातला सुज्ञपणा सांगायला नको.

दुसरी जागा जेवणातली. औपचारिक चहाआधी जे हलकं जेवण असतं त्यात कच्ची मासळी किंवा व्हिनेगर लावलेली भाजी ज्या छोट्या ताटल्यांत येते त्या मुकोझुके. पदार्थ गार, म्हणून पोर्सिलेन चालतं, आणि संच पुन्हा पाचांचाच. तिसरी जागा कोगोची, म्हणजे धुपाच्या इवल्या डबीची. हिवाळ्यात, जमिनीतल्या चुलीच्या हंगामात, मळून गोळ्या केलेला चिकट धूप वापरतात, तो मातीच्या किंवा पोर्सिलेनच्या डबीत ठेवतात. उन्हाळ्यात चंदनाचे तुकडे आणि डबी लाकडाची. या डब्यांचं वेड इतकं होतं की 1855 मध्ये सुमो पहिलवानांच्या यादीसारखी पूर्व-पश्चिम गट पाडून डब्यांची क्रमवारीच छापली. मोठ्या कासवाच्या आकाराची एक डबी त्यात पूर्वेच्या अग्रस्थानी आहे. संग्राहक आजही ती यादी उघडून भाव बोलतात, आणि मला ते काहीसं हास्यास्पद वाटतं.

आता गंमत बघा. चहावाल्यांनी ज्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांना सर्वांत वर बसवलं ती जपानी नाहीतच. 1620 मध्ये मिंग सम्राट वान्ली वारला, चीनमधल्या जिंगदेझेनच्या पोर्सिलेन-भट्ट्यांना दरबारी कामं मिळेनाशी झाली, आणि तिथल्या कारागिरांनी बाहेरची गिऱ्हाइकं धरली. थ्यान्छी काळात (1621–1627) त्यांनी जपानी चहावाल्यांच्या पसंतीची भांडी केली, त्यांना जपानमध्ये को-सोमेत्सुके म्हणतात. माती नीट गाळलेली नाही, नक्षी भरभर हाताने ओढलेली, बुडाला भट्टीतली वाळू चिकटलेली. काठावर झिलई जागोजागी टवके उडाल्यासारखी गेलेली. माती आणि झिलई थंड होताना कमीजास्त आक्रसतात, काठावर झिलई पातळ असते, तिथून ती निसटते. दरबारी भट्टीत असं भांडं फोडून टाकलं असतं. जपानी चहावाल्यांनी त्याला "किड्याने खाल्लेलं" असं लाडाचं नाव दिलं आणि मुद्दाम तसंच मागवलं. फुलं आणि पाणी एकत्र रेखलेली साकुरागावा मिझुसाशी, द्राक्षाच्या मांडवाची बुदोदाना मिझुसाशी, हे त्यातले नामांकित प्रकार. रिक्यूची खरबरीत आवड पोर्सिलेनमध्ये उतरली ती अशी, चिनी कारागिराच्या घाईतून. पाठोपाठ छोंगझन काळात (1628–1644) शोन्झुइ आली: गडद निळा, भौमितिक नक्षीचं दाट विणकाम, आणि काठावर लोहाचा तपकिरी पट्टा. ती देखणी आहेत. मला मात्र को-सोमेत्सुकेच जवळची वाटते.

आरिताची भांडी इमारी बंदरातून जहाजात चढायची, म्हणून ती इमारी. चीनमध्ये राजवट बदलण्याच्या धामधुमीत पुरवठा आटला तेव्हा डच कंपनीने 1659 मध्ये आरिताला मोठी ऑर्डर दिली, आणि तिथून काकिएमोन शैलीचे तांबडे-हिरवे रंग युरोपच्या राजवाड्यांत पोचले. पण त्या भांड्यांचा मोठा भाग चहाच्या खोलीसाठी केलेलाच नव्हता. "इमारी" आणि "टी सेरेमनी" हे दोन शब्द एका दमात ऐकले की मी थोडा सावध होतो. चहासाठी म्हणून खास जपानी पोर्सिलेन हवं असेल तर क्योतोकडे बघावं. ओकुदा एइसेनने (1753–1811) तिथे पोर्सिलेनची सुरुवात केली आणि थेट को-सोमेत्सुकेच्याच नकला केल्या. त्याचा शिष्य आओकी मोकुबेइ सेन्चाच्या भांड्यांसाठी गाजला. एइराकु होझेनला 1827 मध्ये की प्रांताच्या तोकुगावा सरदाराकडून "एइराकु" अक्षरांची मोहर मिळाली. नक्कल म्हणून यांना कमी लेखू नका, चहावाले अजिबात लेखत नाहीत.

आता तुमची बरणी. फोटोवरून छाती ठोकून कोणी वय सांगू लागला तर त्याचं ऐकू नका, माझंही नाही. पण तपासायचं कसं ते सांगतो.

बुडाची सहा अक्षरं मला "थोर मिंग, छंगह्वा काळात केलेलं" अशी दिसतात. तो काळ 1465–1487. तेव्हा जपानमध्ये पोर्सिलेन बनतच नव्हतं हे वर आलंच. आरिताच्या भट्ट्यांत ही अक्षरं शोभा म्हणून सर्रास लिहायचे. चीनमध्येही नंतरच्या काळात ती लिहिली गेली. त्यावरून वय ठरत नाही, आणि विक्रेत्याने फसवलं असंही ठरत नाही. बुडाशी "जपान" लिहिलेलं नाही म्हणजे भांडं जुनं, हा तर्कही चुकीचा. मूळ देशाचं नाव लिहायची सक्ती 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालाला होती, घरच्या वापराच्या भांड्यांना नव्हती.

निळा रंग जास्त बोलतो. जुना कोबाल्ट खनिजातून आलेला, अशुद्ध, म्हणून निळा थोडा राखाडी असतो आणि ब्रशचे थर कमीजास्त दिसतात. 1870 मध्ये गोटफ्रिड वागनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ आरिताला आला, आणि युरोपातल्या शुद्ध कोबाल्टचा वापर वाढला. तेव्हापासूनचा निळा भडक, जांभळट, सगळीकडे एकसारखा. त्याच सुमाराला कागदी साचा ठेवून नक्षी उठवायची पद्धत फोफावली. भिंग घ्या आणि नक्षीचे दोन तुकडे जिथे जुळतात ती जागा शोधा. रेघ तुटली असेल, ठिपके असतील, तर बरणी मेइजी काळातली (1868–1912) किंवा नंतरची. वाईट नाही, पण दोनशे वर्षांची नव्हे.

मग ती खरंच मिझुसाशी आहे का ते बघा. पळीचं भांडं आत जाऊन भरून सहज बाहेर आलं पाहिजे, म्हणजे तोंड चांगलं रुंद हवं. पाणी भरल्यावर दोन हातांनी उचलून चालता आलं पाहिजे. आतून झिलई पूर्ण हवी. झाकण पोर्सिलेनचंच असेल तर त्याच्या आतल्या कडेचा निळा आणि बरणीचा निळा ताडून पाहा, झाकणं पुष्कळदा दुसऱ्याच भांड्याची असतात. काळं लाखेचं झाकण असतं तर मी अधिक खूश झालो असतो. कारण कुठलंतरी भलतंच भांडं आवडलं की त्यावर लाखेचं झाकण बनवून घ्यायचं आणि त्याला मिझुसाशी करायचं, ही चहावाल्यांची जुनी सवय. तसं झाकण म्हणजे ते कधीतरी चहाच्या खोलीत बसलं होतं याचा बरा पुरावा.

लाकडी पेटी मिळाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. किरी लाकडाची, कापडी पट्टीने बांधलेली पेटी, झाकणावर भांड्याचं नाव आणि कारागिराची किंवा चहागुरूची सही असेल, तर भाव कित्येक पट होतो. मोठ्या घराण्याच्या गुरूच्या सहीला लोक भांड्याहून जास्त पैसे देतात, हे मला पटत नाही पण बाजार तसा आहे. म्हणूनच पेट्या बदलतात. भांडं पेटीत हलतंय किंवा अडकतंय, तर जोडी मूळची नाही असं समजा.

वापराबद्दल. बोटाच्या पेराने काठावर हलकं टिचकावा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर केसाएवढी चीर असणार, मग नुसतं मांडून ठेवा. चीर नसेल तरी गारच पाणी घाला, उकळतं कधीच नाही. काम झालं की पाणी ओतून, झाकण उघडं ठेवून पूर्ण सुकू द्या, मगच पेटीत घाला. झिलईखालचा निळा वापराने जात नाही. पण वर सोनं किंवा तांबडा-हिरवा रंग असलेली जुनी भांडी कधी घेतलीत, तर त्यांत आंबट काही ठेवू नका. त्या रंगांत शिसं असू शकतं, आणि सोनं घासणीने निघून येतं.

पुढच्या सुट्टीत आरिताला जायला जमलं तर क्यूशू सिरॅमिक म्युझियममधला शिबाता संग्रह बघा. दहा हजारांहून जास्त भांडी आहेत, आणि काळाच्या क्रमाने पाहिली की बुडाचं कडं, निळा रंग, नक्षी कशी बदलत गेली ते समोरासमोर दिसतं. एप्रिलअखेरची आणि मेच्या सुरुवातीची गर्दी टाळा, 29 एप्रिल ते 5 मे तिथे जत्राच असते आणि हॉटेलात जागा मिळत नाही.

तोवर बरणी उलटी करून बुडाच्या कड्याचा एक फोटो टाका, आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा एक. उन्हात काढा, फ्लॅश नको.