देणारा वेगळा, निवडणारा वेगळा

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. एमडीएस होऊन वर्ष झालं नाही तोच ऑर्थोडॉन्टिक्सच्या, म्हणजे आपल्या दात सरळ करण्याच्या शास्त्राच्या, संशोधनाला पैसे देणाऱ्या फाउंडेशनची चिटणीस झालीस, त्याचं कौतुक भेटशील तेव्हा करीन. आता अडचणीचं बोलू. ५० लाख देणारे गृहस्थ निवड समितीत खुर्ची मागतात, माणूस सज्जन आहे, त्यांना नाही कसं म्हणायचं, असं विचारतेस. नाहीच म्हणायचं. देणारा वेगळा, निवडणारा वेगळा. सज्जनपणाचा इथे प्रश्नच येत नाही.

आपल्याकडची देवळं बघ. सभामंडपाच्या फरशीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्यावरून गाभाऱ्याकडे जातात. म्हणून पूजा कुणी करायची हे फरशीवाला ठरवत नाही. आपल्या शास्त्रातही अशी एक फरशी आहे. सेफॅलोग्रामवर, म्हणजे बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेवर, तू बोल्टन पॉइंट शोधला असशील, कवटी मानेवर टेकते त्या उंचवट्याच्या (ऑक्सिपिटल कॉन्डाइलच्या) मागच्या खाचेतला सर्वांत वरचा बिंदू. (दातांच्या मापांच्या गुणोत्तराचा बोल्टन तो वेगळा.) हे नाव क्लीव्हलँडच्या बोल्टन कुटुंबाचं. ज्या ब्रॉडबेंट यांनी १९३१ साली सेफॅलोमेट्रीचं तंत्र प्रसिद्ध केलं, त्यांनी मुलांच्या वाढीवर केलेल्या अभ्यासाला ह्या कुटुंबाने पैसा पुरवला. तुझ्या दात्यांनाही असाच मान दे. त्यांच्या आईच्या नावाने फेलोशिप काढ, वार्षिक सभेत पहिल्या रांगेत बसव. गुणांचा कागद मात्र त्यांच्या हातात जाता कामा नये.

अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सच्या फाउंडेशनमध्ये अर्जांची छाननी एक समिती करते आणि शिफारशी संचालक मंडळापुढे जातात. तू हेच छोट्या मापात कर. समिती पाच जणांची: तिघं गोव्याबाहेरचे ऑर्थोडॉन्टिस्ट, एक संख्याशास्त्रज्ञ, एक दुसऱ्या शाखेचा, पेरिओचा (हिरड्यांच्या शाखेचा) किंवा कम्युनिटी डेंटिस्ट्रीचा. तिघं बाहेरचे कशाला, असं मंडळात कुणीतरी विचारणारच, प्रवासखर्चाचा मुद्दाही काढेल. गोव्यात डेंटल कॉलेज एकच, बांबोळीचं. इथला प्रत्येक अर्जदार परीक्षकाचा विद्यार्थी तरी असतो, नाहीतर त्याच्या गाइडचा विद्यार्थी. नाव झाकून उपयोग नाही, केसचे फोटो आणि ब्रॅकेटची (दाताला चिकटवायच्या तुकड्याची) कंपनी बघूनच घर ओळखू येतं. बैठक ऑनलाइन घे, प्रवासखर्च शून्य.

ज्याचा संबंध येतो त्याने फक्त 'मी मत देणार नाही' म्हणून चालत नाही, त्याने बैठकीतून उठून जायचं. इतिवृत्तात दोन वेळा लिही, किती वाजता गेला आणि किती वाजता परतला. समोर बसलेल्या माणसाच्या अर्जावर कुणी खरं बोलत नाही. अशा वेळी मीही गप्प बसलो आहे, आणि ती बोच अजून गेलेली नाही.

गुण आधी घरी बसून, स्वतंत्रपणे द्यायचे: प्रश्न ३०, पद्धत ३०, नमुन्याचं गणित २०, अंदाजपत्रक २०. बैठकीत फक्त तफावतीवर चर्चा. मंडळाने यादी वरून खाली मंजूर करायची, पैसे संपतील तिथे थांबायचं. क्रम बदलायचा अधिकार मंडळाला नको, दात्याला तर नकोच. हे ट्रस्ट डीडमध्येच लिहून घे. पुढे ठराव करू म्हणशील तर तो ठराव कधीच होणार नाही.

आता पैसे. ५० लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला साडेतीन लाख सुटतात. धर्मादाय संस्थेला आयकरातून सूट हवी तर उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्चावे लागतात, म्हणजे २,९७,५०० रुपये. हाताशी राहतात ५२,५००, महागाईशी झुंजायला तेवढेच. हिशेबनीस आणि ऑडिट त्या खर्चात धरलेस तर संशोधनाला सुमारे अडीच लाख उरतात. सव्वा लाखाचे दोन प्रकल्प, बस्स. पाच जणांना पन्नास-पन्नास हजार वाटून सगळ्यांना खूष करशील तर एकही प्रश्न तडीला जाणार नाही. देणगी 'कॉर्पससाठी', म्हणजे कायमचं मुद्दल म्हणून, आहे असं दात्याच्या सहीचं पत्र आधी घे, नाहीतर सगळी रक्कम त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाईल.

आणखी एक, गोव्यात हमखास चुकतं ते. दात्यांचे भाऊ लिस्बनहून पाच लाख पाठवणार म्हणतेस. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशात राहूनही ती देशी देणगीच. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर ते परदेशी नागरिक, आणि एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येणार नाही. कोकणीत बोलतात, गणेशचवथीला गावी येतात, म्हणून कायदा त्यांना आपलं मानत नाही. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणजे नोंदणी मिळाली तरी त्यातून कॉलेजला अनुदान देता येणार नाही.

अनुदानाची मुदत बारा महिने ठेवायचं तुमच्या मसुद्यात आहे. कुणी लिहिलं हे? प्रीमोलर (सुळ्यामागची छोटी दाढ) काढल्यावरची सातेक मिलिमीटरची जागा महिन्याला साधारण एक मिलिमीटरने बंद होते. त्याआधी लेव्हलिंग-अलाइनिंगचे (दात एका रांगेत आणायचे) चार-सहा महिने, मग एकोणीस-पंचवीस मापाची स्टील वायर बसून स्थिर व्हायची, त्यात एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या देशाच्या नोंदवहीत, नोंदणी. पावसात सत्तरी-काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतले पेशंट येत नाहीत, चवथीच्या आठवड्यात तर कुणीच नाही. चोवीस महिने दे.

नमुन्याचं गणित अर्जातच माग. दोन गटांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक शोधायचा आहे आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (मापांचा पसारा) ०.६ आहे, तर ८० टक्के पॉवरला (खरा फरक सापडायच्या शक्यतेला) गटात २३ पेशंट लागतात. वीस टक्के गळती धरली तर २९. 'उपलब्धतेनुसार १०' लिहिलेला अर्ज परत पाठव, मग तो कुणाचाही असो. मोजमापाची चूकही आधीच लिहून घे: एक्स-रेवरची वीस-तीस ट्रेसिंग्ज (रेखाटनं) दोन आठवड्यांनी पुन्हा काढायची आणि डालबर्गच्या सूत्राने चूक सांगायची. चूकच अर्ध्या मिलिमीटरची निघाली तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाला काय अर्थ?

हप्ते ४०, ४० आणि २०. शेवटचे २० टक्के कच्चा डेटा आणि अहवाल जमा झाल्यावरच, उत्तर 'फरक नाही' असं आलं तरीही. किंबहुना तसं आलं तर आवर्जून.

पुन्हा पुन्हा तेच सांगतो म्हणून कंटाळशील, पण देणारा वेगळा, निवडणारा वेगळा. नव्या ब्रॅकेटच्या तुलनेला कंपन्या पैसे देतात. रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरणारं साधन) काढल्यावर दहा वर्षांनी खालचे पुढचे दात कुठे गेले, ह्याला कोण देतं? लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६५ पेशंटांची अशी तपासणी छापली, रिटेन्शन संपून किमान दहा वर्षं झालेल्यांची, आणि सुमारे दोन तृतीयांशांची रांग समाधानकारक राहिलेली नव्हती. हे कळलं, कारण दातांची मॉडेल्स कुणीतरी जपली होती. आपल्याकडे प्लास्टरची मॉडेल्स कपाटात ओल धरतात आणि जागा हवी झाली की कचऱ्यात जातात. पहिलं अनुदान जुनी मॉडेल्स स्कॅन करायला द्या, असं मी सांगत आलो. त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, म्हणून दात्यांना ते भावत नाही. माझा हेका आहे म्हणतात. आहेच, आणि तो मी सोडणार नाही.

त्या गृहस्थांकडे फोनवर बोलू नकोस, घरी जा. सोबत गुणांचा कोरा कागद ने आणि फेलोशिपच्या नावाचा मसुदा. आधी नावाचा मसुदा दाखव. खुर्चीचा विषय त्यांनी काढला की कोरा कागद पुढे कर आणि विचार, तुमच्या भाच्याचा अर्ज आला तर ह्यात किती गुण लिहाल?

डीडचा मसुदा चवथीच्या आधी माझ्याकडे पाठव. सह्या होण्याआधी.

तुझा,
सर