चाळीस पोस्टग्रेस आणि एक किल

प्रश्न: आमचं म्हापशाला हार्डवेअरचं दुकान आहे. आधी बिलांच्या डेटाबेससाठी विंडोजवर मायएसक्यूएल होतं, टास्क मॅनेजरमध्ये त्याची एकच ओळ दिसायची. भाच्याने लिनक्स टाकून पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस बसवला, आता बघावं तर चाळीसेक पोस्टग्रेस! शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत एक अडकलेला वाटला म्हणून किल मायनस नाइन (प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड) मारलं, तर तिन्ही काउंटर एकदम बंद. व्हायरस आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: व्हायरस नाही हो बाब, पोस्टग्रेसचा स्वभावच तसा, आलेल्या प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम. तुमचं सॉफ्टवेअर दर काउंटरमागे दहा-बारा कनेक्शनं उघडून बसत असणार, वर चेकपॉइंटर, ऑटोव्हॅक्यूम वगैरे पोस्टग्रेसची आतली कामं करणारी घरची माणसं, झाले चाळीस. पीएस (प्रोसेसची यादी देणारी कमांड) मारून ओळ नीट वाचा, युजर, डेटाबेस, कुठल्या मशीनवरून आलाय सगळं असतं, आणि शेवटी आयडल असेल तर तो नुसता बसलाय. मायएसक्यूएल मात्र एकाच प्रोसेसच्या पोटात कनेक्शनला एक थ्रेड (त्याच प्रोसेसमधला कामाचा एक धागा) देतं, म्हणून एकच ओळ.

आता तुमचं किल. प्रोसेस वेगळ्या म्हणजे एक मेली तरी बाकीच्या सुखरूप असं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण सगळ्यांची शेअर्ड (सामायिक) मेमरी एकच, आणि मेलेल्याने जाता जाता तिथे काय अर्धवट करून ठेवलं ते मुख्य प्रोसेसला कळायला मार्ग नाही, म्हणून ती सगळ्यांनाच घरी पाठवते, मेमरी नव्याने मांडते, लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदीवरून, रिकव्हरी करते आणि मग दार उघडते. कमिट झालेली (पक्की नोंदलेली) बिलं शाबूत असतात, अर्धी राहिलेली गेली. पुढच्या वेळी कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमधून पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घ्या, आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंडने नुसती चालू क्वेरी थांबवा, नाहीच ऐकलं तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने ते कनेक्शन बंद करा.

टॉपमध्ये (लिनक्सच्या टास्क मॅनेजरमध्ये) प्रत्येकाची मेमरी बघून बेरीज करत बसू नका, तीच शेअर्ड मेमरी प्रत्येकाच्या नावावर परत परत दिसते.

परत विंडोजवर जायचा विचार असेल तर तिथेही पोस्टग्रेसच्या प्रोसेसच दिसतील, उलट फोर्क (चालू प्रोसेसची झटपट नक्कल काढायची सोय) नसल्यामुळे प्रत्येक नवं कनेक्शन पहिल्यापासून उभं करावं लागतं, म्हणजे अजून हळू. ओरॅकल या तिसऱ्या डेटाबेसने विंडोजवर सरळ थ्रेड घेतले आणि लिनक्सवर प्रोसेस ठेवल्या, 2013 च्या 12सी आवृत्तीपासून लिनक्सवरही थ्रेडची सोय आहे.

कनेक्शनं वाढायला लागली (मर्यादा मुळात 100 असते) तर ती वाढवण्याआधी पीजीबाउन्सर लावा, तो मध्ये बसून थोड्याच कनेक्शनांवर सगळ्यांची कामं आळीपाळीने करून देतो. रायबंदर-चोडणला प्रत्येकजण स्वतःची होडी घेतो का, फेरीबोटीच सगळ्यांना पोचवतात, तसंच हे.

भाच्याला ओरडू नका, त्याने बसवलंय बरोबर, फक्त रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड तुमच्या हातात द्यायला नको होता.