आधी बॅग, मग काउंटर

प्रिय मित्रा,

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरच्या जपानी रेस्टॉरंटसाठी तू काढलेला आराखडा नीट पाहिला. कागदी कंदील, चेरीचा बहर, भिंतभर समुद्राची लाट हे सगळं काढून टाक. अशा छोट्या जागेत सगळी गंमत काउंटरवर असते, आणि प्रवाशाचा जीव मात्र बॅगेत अडकलेला असतो. तिथून सुरुवात कर.

१२ फुटी काउंटरला तू ६ स्टुलं दाखवलीस. केबिन बॅग साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर. स्टूल १६ इंची धर आणि एका स्टुलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत २८ इंच ठेव. मधल्या १२ इंचांत बॅग उभी मावते. मग माणसं ५च बसतील. बसू देत. बॅगा मागच्या वाटेत आल्या, की ट्रेवाला अडखळतो आणि व्हीलचेअर अडते. ती ४ फुटांची वाट मोकळीच हवी.

काउंटर ४२ इंचांचं नको, ३० इंचांचं कर. नऊवारीतली आजी उंच स्टुलावर चढणार नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. जपानमध्ये अशा काउंटरमागची जमीन बऱ्याचदा खाली घेतात, म्हणजे उभा आचारी आणि बसलेलं गिऱ्हाईक यांची नजर जवळ येते. आपल्याला स्लॅब फोडता येणार नाही. उलट सांडपाण्याच्या पाइपला उतार मिळावा म्हणून प्लंबर अख्ख्या किचनची फरशी ६ इंच उचलतो, आणि आचारी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर उभा राहतो. हे कळतं फरशी बसल्यावर. म्हणून सिंक आणि फ्लोअर ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, मागच्या भिंतीला ने, तेवढाच पट्टा उचल, काउंटरलगतची ३ फूट जमीन मूळ पातळीला ठेव. पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी हवीच. ओल्या पायाने तिथेच घसरतात.

जपानी हिनोकी लाकूड फिकट, सरळ रेषांचं असतं. तो भाव अ‍ॅश लाकडाचं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, आणि बिनचकाकीच्या पीयू पॉलिशने येईल. सागवानावर गडद पॉलिश केलंस तर गेला. शोजीच्या, म्हणजे कागद लावलेल्या जपानी पडदीच्या, जाळीत खरा कागद घालू नकोस, दुधी अ‍ॅक्रिलिकही आगीच्या दृष्टीने वाईट. दोन काचांमध्ये कागद दाबलेली लॅमिनेटेड काच वापर. मागे २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा दिवा. दारावरचा नोरेन, म्हणजे चिरा असलेला पडदा, आगरोधक कापडाचा आणि आखूड घे.

गॅसवर विसंबू नकोस. ३.५ किलोवॉटच्या दोन इंडक्शन शेगड्या धरून विजेचा मंजूर लोड आजच विचार. रामेनचा, म्हणजे जपानी नूडल्सचा, रस्सा बाहेरच्या किचनमध्ये उकळून आणायचा, इथे फक्त तापवायचा.

सुतारकाम गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण जुळवून, सुटं करून आण. आत काम बहुधा शेवटच्या विमानानंतरच करू देतात आणि प्रत्येक पटाशी, करवत मोजून आत-बाहेर होते. आधी दरवाजाची रुंदी माप.

काउंटरवर बसलेल्याची पाठ लॉबीकडे असते. आचाऱ्यामागच्या भिंतीवर उड्डाणांचा छोटा स्क्रीन मागून घे, नाहीतर लोक दर दोन घासांनी वळून बघतील.

काउंटरचा उभा छेद १:१० ला काढून पाठव.

तुझा,
काका