पावसात तारा वर का आल्या?

प्रश्न : सर, मी बारावीत आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. दिवाळीत अकूस्टिक गिटार घेतली. जुलैपासून तारा दाबायलाच येईनात, एफ कॉर्ड धरला की बोटं सोलून निघतात. दुकानदार म्हणतो, सवय होईल. मामा म्हणतो, सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती छोटी पट्टी, काढून खालून घासू. घासू का?

उत्तर : मामाला जरा थांबव. दिवाळीत नीट वाजत होती ना? मग बिघडलंय ते हवेनं. आपल्याकडच्या पावसात लाकूड ओल पितं, वरची फळी, सॅडल जिच्यात बसते त्या ब्रिजपाशी, फुगते आणि तारा वर येतात. आत्ता घासलंस तर मार्चमध्ये फळी खाली बसेल आणि तारा फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडतील. गिटार ओलसर भिंतीवर टांगली असशील तर आधी उतरव. सिलिका जेलच्या चारदोन पुड्या टाकून केसमध्ये ठेव.

तोवर मोजून घे. एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. गिटार सुरात लाव. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेखाली, तार न उचलता, तीन कार्डं जेमतेम जावीत. बारीक तारेखाली दोन. जाड तारेखाली चौथंही शिरलं तर उंची जास्तच आहे.

मग नेक, म्हणजे गिटारची मान, बघ. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धर, सातव्यापाशी फट बघ. पाव मिलिमीटर पुरे. उद्यमनगरात कुणी ओळखीचं असेल तर टॅपेट सेट करायचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, तासाभरासाठी मागून आण, अंदाजाचं कामच नको. फट मोठी असेल तर दोष सॅडलचा नाही, नेक वाकलीय. नेकच्या आत तिला सरळ ठेवणारी सळई असते, त्या ट्रस रॉडला अ‍ॅलन की लावून घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, जास्त नाही. तारा परत सुरात लावून मोज. की जड लागली तर सोडून दे, जाणकाराकडे ने.

श्रावण सरला, नेक सरळ आहे, तरी तारा उंचच, असं असेल तर घास. हिशेब असा : बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. तारा सैल कर, सॅडल काढ, पेन्सिलनं रेघ मार. काचेवर पॉलिश पेपर पसरून फक्त खालची बाजू घास. बूड सपाटच राहायला हवं, विशेषतः खाली पिकअप, म्हणजे आवाज अ‍ॅम्पला पोचवणारी पट्टी, असेल तर. रेघेच्या अलीकडेच थांबून तारा चढव, वाजवून बघ. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारेही थोडं घासतात, तार छेडतात, परत घासतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मॅच बघत बघत घासलं. भारत जिंकला आणि माझी सॅडल गेली. पुढे वर्षभर तिच्याखाली लग्नपत्रिकेच्या कागदाची पट्टी होती.

नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचांना मात्र मामाला कानस लावू देऊ नकोस. त्याला सांग, सरांनी सक्त मनाई केलीय.