डाव्या हाताने दार

'अपघात झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावायची हिंमतच होत नाही, काय करू?' हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. दिलीपराव (नाव बदललंय) तोच घेऊन आले, तेव्हा त्यांची कार तीन महिने पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती.

कर्वे रस्त्यावर कडेला गाडी लावून त्यांनी दार उघडलं आणि मागून मोटरसायकलवर येणारा मुलगा दारावर आदळला. मनगटाचं हाड मोडलं, हेल्मेटमुळे डोकं वाचलं. दिलीपरावांनीच त्याला रिक्षाने दवाखान्यात नेलं. पण तेव्हापासून मागून बाईकचा आवाज आला की छातीत धडधड.

"घरचे म्हणतात, तुमची काही चूक नव्हती, विसरून जा."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

बराच वेळ ते टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. "मी आरशात बघितलंच नव्हतं, मॅडम."

अशा वेळी समजूत घालायचा मोह होतो. मी घातली नाही. चूक खरी असेल तर 'तुमची चूक नव्हती' म्हणून भीती जात नाही, माणूस फक्त तिच्यासोबत एकटा पडतो. आणि टाळल्याने ती वाढते. रिक्षा केली की सुटल्यासारखं वाटतं, पण पुढच्या वेळी गाडीची किल्ली आणखी जड होते.

पहिलं काम मी कारचं दिलंच नाही. म्हटलं, आठवडाभर भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून फिरा, हेल्मेट घालून. पुढच्या भेटीला ते दारातूनच बोलत आले. "अहो, ही पोरं मध्येच वळतात ती दर वेळी मस्ती नसते! ड्रेनेजचं झाकण, कडेची वाळू, पावसात झेब्रा क्रॉसिंगचे निसरडे पट्टे. कारला कळतसुद्धा नाही, त्यांना मात्र चुकवावंच लागतं." (मस्तीही असते. तीही त्यांनी पाहिली, भाच्याचीच.)

मग सोसायटीचं पार्किंग, इंजिन बंद. दिलीपराव ड्रायव्हरच्या सीटवर आणि भाचा समोरून मोटरसायकल ढकलत नेतोय. समोरच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्यामागे बाईक माणसासकट गायब झाली. डोकं थोडं पुढे-मागे केल्यावर पुन्हा दिसली. "पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी," एवढंच ते म्हणाले.

दारासाठी 'डच रीच' नावाची युक्ती आहे. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायचं. हात लांबवावा लागतो म्हणून खांदा वळतो आणि नजर आपसूक आरशावरून मागे जाते. ही त्यांनी पन्नासेक वेळा घटवली.

आकडे मी घाबरलेल्या माणसापुढे ठेवत नाही. त्यांनी स्वतःच शोधून आणले: २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. मला वाटलं, आता पुन्हा रिक्षा. पण त्याच रविवारी पहाटे त्यांनी गाडी काढली आणि सोसायटीभोवती तीन फेऱ्या मारल्या. नियम एकच होता: धडधडलं तर कडेला थांबायचं, ओसरू द्यायचं, पण घाबरून घरी परतायचं नाही. दीड महिन्याने भर दुपारी कर्वे रस्ता.

मधल्या काळात त्यांनी त्या मुलाला फोन केला होता. तो म्हणाला, "काका, मीही गाड्यांना अगदी चिकटून चाललो होतो. आता दार उघडेल एवढी जागा सोडून चालवतो."

रात्री पावसात ते अजून गाडी काढत नाहीत. त्यावर काम चालू आहे.