मातृभाषेतली ‘आई’ नेमकी कोण?

प्रश्न : मध्ययुगीन युरोपात ‘मातृभाषा’ म्हणताना खरोखर आईच अभिप्रेत होती का? मग लॅटिन व्याकरणालाही दूध पाजणारी स्त्री का म्हटले आहे?

उत्तर : ‘लिंग्वा माटेर्ना’ (लॅटिनमध्ये ‘मातृभाषा’) हा शब्दप्रयोग बाराव्या शतकापासून आढळतो, रोख असतो लॅटिनहून वेगळ्या, घरच्या बोलीकडे. त्यात आजचा भाषाभिमान शोधला की अर्थ बिघडतो. इटालियन कवी दान्तेने १३०४च्या सुमारास बोलीभाषेवर ग्रंथ लिहिला, तोही लॅटिनमध्येच. त्यात मूल नियमांवाचून बोली शिकते ते दाईचे अनुकरण करून. बायबलमधला पहिला माणूस आदम, त्याला तर दान्ते ‘आईविना, दुधाविना पुरुष’ म्हणतो. केवढी नेमकी कल्पना! दूधच नाही, तर पहिली भाषा आली कुठून, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

व्याकरणाची प्रतिमा मात्र वेगळी. लिलच्या अलँ या फ्रेंच कवीने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या व्याकरणदेवीचे स्तन दुधाने भरलेले आहेत, पण हाती चाबूक आहे. शाळेतली लॅटिन पोषणाबरोबर शिक्षेनेही येई. त्यामुळे ‘दूध’ शब्द दिसला की आधी पाजणारी कोण ते पाहा : आई, दाई की व्याकरण. शेजारी छडी किंवा चाबूक असेल, तर बहुधा लॅटिनच.